जन्ममहिना आणि मैदान

पुण्यातील शालेय क्रीडास्पर्धांत 14, 17 व 19 वर्षांखालील असे गट असतात. वय 1 जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे एकाच वर्षी जानेवारीत व डिसेंबरात जन्मलेली मुले एकाच गटात धावतात. अंतर मात्र 11 महिन्यांचे! ऐन वाढीच्या काळात मुलगे वर्षाला 8 ते 10 सें.मी. वाढू शकतात. साहजिकच ताकद व वेग यांत थोरल्याचे पारडे जड असते. कॅनडातील आइस हॉकीपटूंमध्ये हा कल 1985 साली दाखविला गेला.

म्हणून धाकट्याला ‘अशक्त’ ठरवून बाजूला बसवू नये. खेळ सुटला की व्यायामही सुटतो. मुलाची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करावी. दर सहा महिन्यांनी उंची, वजन व धावण्याची वेळ वहीत लिहावी. वाढ खुंटल्यासारखी वाटल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.