कावडीवरच्या शेवया

चीनच्या आग्नेय किनाऱ्यासमोर तैवान नावाचे एक डोंगराळ बेट आहे. तेथील जुनी माणसे एकमेकांस भेटली म्हणजे 'पोटभर जेवलात का?' असे विचारतात. या साध्या प्रश्नात अन्नाचे मोल जाणणाऱ्या समाजाचे मन दिसते.

बेटाचे मूळचे रहिवासी डोंगरउतारांवर राळे पिकवीत. राळ्याच्या सुगीचे सण त्यांच्यात आजही साजरे होतात. सतराव्या शतकापासून चीनच्या फूच्येन प्रांतातील लोक मोठ्या संख्येने येथे येऊन राहू लागले. त्यांनी आपल्याबरोबर आपली भाषा, आपले देव व आपले खाद्यपदार्थ आणले.

दक्षिणेकडील ताइनान शहरात होंग आडनावाचा एक कोळी राहत असे. दरवर्षी ठरावीक महिन्यांत तेथे भयंकर वादळे होत. समुद्र खवळे आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागत. मंदीच्या या काळास लोक 'लहान महिना' म्हणत. जाळे कोरडे राहिले, तर घरची चूल कशी पेटणार? पण होंग हातावर हात ठेवून बसला नाही. १८९५ च्या सुमारास त्याने खांद्यावर कावड घेतली आणि एका देवळासमोर तो शेवया विकू लागला. लहानशा वाडग्यात गरम शेवया, वर कोळंबीचा रस्सा, थोडा खिमा आणि एक कोळंबी, एवढाच तो पदार्थ. 'लहान महिना निभावून नेऊ' अशा अर्थाची अक्षरे त्याने आपल्या कंदिलावर लिहिली होती. त्या शेवया लोकांना इतक्या आवडल्या, की पुढे तोच त्याचा मुख्य व्यवसाय झाला. आज त्या 'कावडीच्या शेवया' सर्व तैवानात प्रसिद्ध आहेत. मोठ्या दुकानांतही स्वयंपाकी बुटक्या चुलीपाशी ठेंगण्या स्टुलावर बसून त्या शिजवताना दिसतो.

१८९५ सालीच तैवान जपानच्या ताब्यात गेले. जपानी लोकांना आखूड दाण्याचा, मऊ व चिकट भात प्रिय होता. तेथील शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खटपट करून असा तांदूळ तैवानच्या उष्ण हवेत रुजवला. १९२६ साली त्याला 'होराइ' हे नाव मिळाले. १९४५ साली जपानी सत्ता संपली. तांदूळ मात्र राहिला.

१९४९ साली चीनमधील यादवी युद्धामुळे दहा लाखांहून अधिक माणसे तैवानात आली. त्यांत गहू खाणारे अनेक होते. १९५१ ते १९६५ या काळात अमेरिकेकडून मदत म्हणून गव्हाचे पीठ येई. दिवस टंचाईचे होते. पीठ संपले, की रिकाम्या पिशव्यांच्या चड्ड्या शिवून मुलांना घालीत! ताइपेजवळच्या योंगहे येथे काही माजी सैनिकांनी सोयाबीनचे दूध व भाजलेल्या पोळ्या विकण्यास आरंभ केला. घर हरवलेल्या माणसांचे ते अन्न आज साऱ्या बेटाची न्याहारी झाले आहे.

१९८० नंतरच्या दशकात तैवानात दुधाच्या थंड चहात काळसर, मऊ गोळ्या घालण्याची पद्धत निघाली. महाराष्ट्रात उपवासाला खातात तो साबुदाणा ज्या कंदापासून बनतो, त्याच कंदाच्या पिठाच्या या गोळ्या असतात. हा 'मोत्यांचा चहा' आज जगभर पोचला आहे.

सत्ता आल्या आणि गेल्या; पण प्रत्येक संकटात सामान्य माणसांनी हाती होते त्यातून चूल पेटती ठेवली. तैवानचा इतिहास ग्रंथांत आहे, तसाच तो शेवयांच्या त्या लहानशा वाडग्यातही आहे.

शब्दार्थ : सुगी – पीक हाती येण्याचा काळ. यादवी – आपसांतील युद्ध. निभावणे – पार पाडणे.

प्रश्न :
१. 'लहान महिना' कशास म्हणत?
२. 'जपानी सत्ता संपली. तांदूळ मात्र राहिला' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. 'हातावर हात ठेवून बसणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या घरातील एखादा पदार्थ कोठून आला, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.