टाकी साफ करणारा मासा उपाशी का मरतो? हिलस्ट्रीम लोच घरी पाळताना



1 जून ते 31 जुलै आपल्या होड्या बंद. माणूस घरात बसला की पोरांच्या काचेच्या टाकीकडेही लक्ष जातं. शोभेच्या माशांच्या दुकानात हल्ली एक चपटा, नक्षीदार मासा मिळतो, बोटाएवढा, दिसायला अगदी पाकटाच्या पिल्लासारखा. काचेला चिकटून बसतो. दुकानदार म्हणतो, "शेवाळ खातो, टाकी साफ ठेवतो, वेगळं खाणं नको." यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे, आणि त्यापायी हे मासे दोन-तीन महिन्यांत झिजून मरतात.

हा हिलस्ट्रीम लोच. दुकानात जास्त करून सेवेलिया लिनिओलाटा ही जात येते, ती मूळची मध्य व्हिएतनामच्या डोंगरी ओढ्यांतली. पोटाकडचे पंख पसरून तो दगडाला चिकटतो, वरून पाणी जोरात गेलं तरी सुटत नाही. अशा धावत्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर. आपल्याला हे सांगायला नको, जिवंत मासा किनाऱ्यापर्यंत आणताना पाणी तापलं की काय होतं ते आपण पाहतोच. 20 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. म्हणून याला 20 ते 24 अंश पाणी मानवतं. गोव्यात एप्रिल-मेमध्ये ते टिकवायचं तर पाण्यावर छोटा पंखा लावा, टाकी उन्हापासून लांब ठेवा. तेवढं जमणार नसेल तर हा मासा न आणलेलाच बरा.

पाण्याला ओढ हवी. टाकीत जेवढं पाणी, त्याच्या दहा-पंधरा पट पाणी तासाभरात फिरवणारा पंप लावा. 80 लिटरची टाकी असेल तर तासाला 800 ते 1200 लिटर. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू द्या. झाकण घट्ट हवं, हा मासा ओल्या काचेवरून पाण्याच्या वर चढतो. आणि एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम: किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपले टाकीत घालू नका. मीठ आणि चुना दोन्ही पाण्यात उतरतात. नदीतले गुळगुळीत गोटे चांगले.

आता खाण्याचं. ओढ्यात हा मासा दिवसभर दगड चरत असतो. दगडावर जो बुळबुळीत थर असतो त्यात नुसतं शेवाळ नसतं, बारीक किडे, अळ्या, सूक्ष्म जीव, सगळं असतं. त्याचं खरं जेवण ते. नव्या स्वच्छ टाकीत हा थर नसतोच, त्यामुळे टाकी चालू करून निदान दोन महिने झाल्याशिवाय मासा आणायचा नाही. पंप, गाळणी चालू ठेवून थर धरू द्यायचा.

पुढे थर पुरवायची सोपी युक्ती: एका टबात टाकीतलंच पाणी घेऊन सात-आठ गोटे उन्हात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत हिरवे होतात. दोन टाकीत, दोन परत टबात, असं फिरवत राहायचं. टबावर कापड मात्र बांधा, नाहीतर डास होतील. आपलं जाळं इथे चालणार नाही, मच्छरदाणीच हवी.

त्याशिवाय घरी खाणं करता येतं. उकडलेला पालक तीन वाटे, सोललेली कोळंबी एक वाटा, मिक्सरमधून बारीक काढा. सुका जवळा, म्हणजे आपला गालमो, वापरायचा तर दोन-तीन पाण्यांत धुऊन मीठ पूर्ण काढा. तेल, मसाला काही नको. चायना ग्रास पाण्यात उकळून विरघळवा, आच बंद करून त्यात हे मिसळा आणि सपाट दगडांवर पातळ थर पसरा. गार झालं की घट्ट बसतं. जिलेटिन आपल्या उन्हाळ्यात पाण्यात सैल पडतं, चायना ग्रास टिकतो. थर दिलेले जादा दगड फ्रीझरमध्ये ठेवता येतात. रात्री दिवा घालवल्यावर एक दगड सोडायचा, उरलेलं सकाळी काढून टाकायचं, नाहीतर पाणी नासतं. आठवड्यातून दोनदा गोठवलेल्या लाल अळ्या थोड्या द्या. इतर चपळ मासे सोबत असतील तर ते आधी फस्त करतात, म्हणून रात्रीची वेळ.

पोट भरलंय का ते कसं कळणार? मासा काचेला चिकटला की बाहेरून पोट दिसतं. पोट सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर ठीक. आत गेलेलं, डोक्यामागे खळगा पडलेला दिसला तर मासा उपाशी आहे, मग शेवाळ कितीही असो. विकत घेतानाही हेच बघा, बुडालेल्या पोटाचा मासा स्वस्तात दिला तरी घेऊ नका.

शेवटी, कोणी म्हणेल, आपल्याच सह्याद्रीच्या व्हाळात असे मासे आहेत, पैसे कशाला घालवायचे? आहेत खरे. बालिटोरा लॅटिकॉडा या जातीची तर उत्तर सह्याद्रीतून शास्त्रीय नोंदच 2012 साली झाली. पण अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलणं हा गुन्हा आहे, आणि बाहेरच्या ओढ्यातला मासा बादलीत तासाभराच्या प्रवासातच गुदमरतो. पोरांना दाखवायचा असेल तर पावसानंतर पाणी निवळलं की ओढ्यावर न्या आणि दगडावरच बघू द्या.