सागराची सेविका : रेचल कार्सन

आपल्या विद्यार्थ्यांत असा एक समज रूढ आहे कीं, भाषेची आवड असणारानें वाङ्मयाकडे वळावें, सृष्टीची जिज्ञासा असणारानें शास्त्राकडे वळावें, आणि या दोन वाटा पुढें कोठेंही मिळत नाहींत. या समजापायीं पुष्कळांचे अर्धे गुण वायां जातात. ज्यांच्या आयुष्यांत या दोन्ही वाटा एकत्र आल्या आणि त्यायोगें समुद्राचें व लोकांचें मोठें हित झालें, त्या अमेरिकन विदुषी रेचल कार्सन यांचें चरित्र म्हणूनच मननीय आहे.

कार्सनबाईंचा जन्म १९०७ सालीं पेन्सिल्व्हानिया संस्थानांत, समुद्रापासून शेंकडों मैल दूर अशा स्प्रिंगडेल गांवीं झाला. लेखिका व्हावें ही त्यांची लहानपणापासूनची इच्छा. तदनुसार कॉलेजांत त्यांनीं इंग्रजी हा मुख्य विषय घेतला. परंतु मेरी स्किंकर या अध्यापिकेच्या शिकवणीनें त्यांचें मन जीवशास्त्राकडे असें ओढलें गेलें कीं, त्यांनीं विषयच बदलला. आपलें लेखन आतां कायमचें सुटलें, असें त्यांस वाटलें. १९२९ सालीं त्या पदवीधर झाल्या आणि त्याच उन्हाळ्यांत वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेंत गेल्या असतां त्यांनीं समुद्र पहिल्यानें पाहिला.

१९३५ सालीं वडील वारले व घरचा भार त्यांच्यावर पडला. त्या सुमारास सरकारच्या मत्स्यखात्यास समुद्रांतील जीवांविषयीं रेडिओवर सांगण्याजोगीं सात सात मिनिटांचीं भाषणें हवीं होतीं. शास्त्र जाणणारांस सोपें लिहितां येईना, आणि लिहिणारांस शास्त्र ठाऊक नव्हतें. कार्सनबाईंस दोन्हीही येत होतें; तें काम त्यांना मिळालें, आणि पुढल्याच वर्षीं त्या खात्यांत कायम झाल्या. सुटलेलें लेखन शास्त्राच्याच द्वारानें परत आलें.

त्यांचें पहिलें पुस्तक १९४१ च्या नोव्हेंबरांत निघालें. महिनाभरांतच अमेरिका महायुद्धांत पडली आणि पुस्तक फारसें खपलें नाहीं. तरी त्या खचल्या नाहींत. दिवसा कचेरी सांभाळून त्या लिहीत राहिल्या. दहा वर्षांनीं, १९५१ सालीं, ‘द सी अराउंड अस’ हें त्यांचें दुसरें पुस्तक प्रसिद्ध झालें. तें ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या ग्रंथांच्या यादींत होतें.

त्यांच्या लेखनाची रीति लक्षांत ठेवण्याजोगी आहे. समुद्रावर दया करा, असा उपदेश त्या करीत नाहींत. एकेका जीवाची जीवनयात्रा दाखवितात. पहिल्या पुस्तकांत त्यांनीं सर्पाकार ईल माशाची हकीकत दिली आहे. हा मासा कित्येक वर्षें तळ्यांत व नद्यांत वाढतो. नंतर नदीच्या प्रवाहाबरोबर खालीं जाऊन शेंकडों कोस दूर खोल महासागरांत अंडीं घालतो. आणि त्याचीं इवलीं पिलें पुन्हां नद्यांच्या मुखांशीं येतात. नदी व समुद्र यांचें जीवन एक आहे, आणि नदींत टाकलेलें विष तेथेंच राहत नाहीं, हें मग वाचकास निराळें सांगावें लागत नाहीं. कीटकनाशकांच्या बेसुमार वापरावर त्यांनीं १९६२ सालीं ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हां औषधें करणाऱ्या कारखानदारांनीं त्यांच्यावर कडक टीका केली. कर्करोगानें शरीर पोखरलें असतांही त्या आपल्या म्हणण्यापासून ढळल्या नाहींत. १९६४ सालीं त्यांचें देहावसान झालें. १९७२ सालीं अमेरिकेनें डी. डी. टी. चा बहुतेक सर्व वापर बंद केला.

समजावून सांगण्यानें काय होतें, याचा दाखला आपल्या कोकणांतही आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रकासवें वाळूंत अंडीं घालतात. पूर्वीं लोक तीं उकरून नेत. २००२ सालापासून चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ या संस्थेनें ग्रामस्थांस बरोबर घेऊन तीं राखण्याचें काम हातीं घेतलें. पुढें पिलें समुद्राकडे जातांना पाहण्यास दूरदूरचे लोक येऊं लागले व ग्रामस्थांच्याच घरीं उतरूं लागले. अंडीं नेणारा गांव अंड्यांचा राखणदार झाला. धाकानें हात आवरतो; मन मात्र ज्ञानानेंच वळतें.

ज्या विद्यार्थ्यांस हा मार्ग पत्करावासा वाटेल, त्यांना आपल्या देशांत क्षेत्र मोठें आहे. १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यांत दोना पावला येथें आहे. सागरी माशांच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था १९४७ पासून आहे. तेथवर जाण्यास जीवशास्त्र, रसायन व गणित यांचा पाया पक्का हवा. पण तेवढ्यानें भागणार नाहीं. आपण शिकलों तें कोळीवाड्यांतील बांधवांस त्यांच्याच बोलींत सांगतां आलें पाहिजे, आणि त्यांना जें ठाऊक आहे तें नम्रपणें ऐकतांही आलें पाहिजे. प्रभूचे पहिले शिष्य कोळीच होते, हें आपण विसरूं नये.

देवानें मनुष्यास सृष्टीवर अधिकार दिला तो धन्याचा नव्हे, कारभाऱ्याचा. आणि कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. या सुटींत ज्यांस किनाऱ्यावर जाण्याचा योग येईल, त्यांनीं ओहोटीच्या वेळीं खडकांतील एखादें डबकें तासभर शांतपणें पाहावें. उचललेला दगड पुन्हां होता तसा ठेवावा. पाहिलें तें वहींत लिहावें, स्वच्छ मराठींत लिहावें, आणि घरीं वाचून दाखवावें. या अभ्यासाचा पहिला धडा तोच होय.