सूर्यावरील ज्वाळा आणि क्ष-किरण

ता. ११ मे २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी आपल्या औरंगपुऱ्यात काय घडले, असे कोणी विचारल्यास आपण म्हणू, विशेष काहीच नाही. शनिवार होता, शाळांना उन्हाळ्याची सुटी होती, दूधवाल्यांच्या फेऱ्या चालू होत्या आणि सूर्य उगवून तासभर झाला होता. आम्ही गच्चीवर कुंड्यांना पाणी घालीत होतो. परंतु त्याच मिनिटाला सूर्यावरून आलेला क्ष-किरणांचा एक लोट पृथ्वीच्या माथ्यावर ऐन भरात होता. आम्हांस तो कळला नाही, आणि कळणे शक्यही नव्हते. असे का व्हावे, हे आज आपण पाहू.

त्या आठवड्यात सूर्यबिंबावर काळ्या डागांचा एक मोठा समूह आला होता. ग्रहणाच्या चष्म्यातून तो सहज दिसे, आणि त्याच्या रुंदीत सुमारे पंधरा पृथ्व्या ओळीने बसल्या असत्या. (चष्म्याशिवाय सूर्याकडे पाहण्याचे धाडस कोणीही करू नये, पालकांनीही या बाबतीत मुलांवर लक्ष ठेवावे.) असे डाग म्हणजे तीव्र चुंबकत्वाच्या जागा होत. तेथील चुंबकरेषांना पीळ पडत जातो आणि अखेरीस त्या एकाएकी तुटून नव्याने जुळतात. साठलेली शक्ती त्या वेळी काही मिनिटांत मोकळी होते. हीच सौरज्वाला.

आता बुद्धिमान विद्यार्थी विचारतील की, दवाखान्यातील क्ष-किरण हाताच्या मांसातून आरपार जातात, मग सूर्याचे क्ष-किरण हवेने कसे अडावेत? प्रश्न रास्त आहे. हवा विरळ खरी, परंतु तिचा थर फार मोठा. एका चौरस सेंटिमीटरवर उभा असलेला हवेचा स्तंभ सुमारे एक किलोग्रॅम भरतो. म्हणजे आपण सर्वजण जणू दहा मीटर पाण्याखाली, एखाद्या खोल विहिरीच्या तळाशी राहतो. एवढ्या पाण्यातून ते किरण आपल्यापर्यंत कोठून पोहोचणार? शिवाय सौरज्वालेचे बहुतेक क्ष-किरण दवाखान्यातील किरणांहून दुबळे असतात. हे छप्पर आहे म्हणून आपण सुखरूप आहोत. पण त्याच छपरामुळे सूर्याचा हा अवतार आपणांस दिसत नाही.

तेव्हा पाहावयाचे तर विहिरीबाहेर पडणे भाग आहे. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले. परंतु ते सूर्यातून येतात हे यंत्राने मोजण्यास १९४९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत फ्रीडमन यांनी अग्निबाणातून गायगर गणक वर पाठविला. १९६० पासून उपग्रह हे काम करू लागले. आपल्या देशाने २००३ साली जीसॅट-२ या उपग्रहावर असे यंत्र बसविले आणि ता. २ सप्टेंबर २०२३ रोजी खास सूर्यासाठी आदित्य-एल१ हे यान सोडले. पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटर अंतरावर, जेथे पृथ्वीची सावली आड येत नाही, तेथे ते ६ जानेवारी २०२४ रोजी स्थिर झाले. त्यावरील सूट ही अतिनील प्रकाशाची दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत सिद्ध झाली, हे आपणां महाराष्ट्रीयांस अभिमानास्पद होय.

क्ष-किरणांसाठी त्यावर सोलेक्स व हेलिओस अशी दोन यंत्रे आहेत. ती चित्र काढीत नाहीत, ती मोजतात. सोलेक्समध्ये सिलिकॉनची चकती आहे. तीवर क्ष-किरणाचा एक कण आदळला की त्याच्या शक्तीच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ते मोजले की आलेला कण किती जोराचा होता ते कळते. अशा चकत्या दोन आहेत, एकीचे छिद्र मोठे व दुसरीचे अगदी लहान. सूर्य शांत असता मोठे छिद्र उपयोगी पडते, आणि ज्वाला भडकल्यावर कणांची गर्दी मोजवेनाशी झाली की लहान. ही युक्ती आम्हांस फार आवडली.

हेलिओस अधिक प्रखर क्ष-किरण टिपते. हे किरण प्रथम येतात, कारण वेगवान इलेक्ट्रॉन खालच्या दाट वायूवर आपटताच ते निघतात. त्यानंतर तो वायू एक कोटी अंशांहून अधिक तापतो व सौम्य क्ष-किरणांचा पूर चढू लागतो. लोहाराच्या घणाचा घाव आधी ऐकू येतो आणि ठोकून ठोकून लोखंड तापते ते मागाहून, तसेच हे. ता. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी हेलिओसने आपली पहिली सौरज्वाला अशीच टिपली.

ज्वालांच्या प्रती ए, बी, सी, एम, एक्स अशा चढत्या मानतात. प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. वरील सकाळची ज्वाला एक्स ५.८ प्रतीची होती. एक्स प्रतीच्या आरंभी प्रत्येक चौरस मीटरवर पडणारे क्ष-किरण एका वॉटचा केवळ दहासहस्रांश असतात, आणि उन्हाची एकूण शक्ती १३६१ वॉट! मग एवढ्या क्षुल्लक भागाची चिंता का? कारण ऊन स्थिर असते, आणि हे किरण मिनिटांत शेकडो पटींनी वाढतात. त्यांनी वरच्या हवेत विद्युत्कण वाढले की बिनतारी लघुलहरी शोषल्या जातात. त्या सकाळी प्रशांत महासागराच्या बाजूस विमाने व जहाजे यांच्या संदेशांत असाच व्यत्यय आला.

क्ष-किरण सूर्यापासून सव्वाआठ मिनिटांत पोहोचतात. आदित्यास ते आपल्याहून फक्त पाच सेकंद आधी भेटतात, तेव्हा त्यांची पूर्वसूचना मिळते असे कोणी समजू नये. खरा लाभ निराळा आहे. ज्वालेसोबत कधी कधी विद्युत्कणांचा मोठा मेघ सुटतो व तो एक ते तीन दिवसांनी येऊन चुंबकीय वादळ करतो. प्रत्येक ज्वालेमागे मेघ नसतो, प्रत्येक मेघ पृथ्वीकडे वळत नाही. तरीही क्ष-किरणांची नोंद झाली की वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांस सावध होण्यास अवधी मिळतो. आधीच्या ज्वालांमागून निघालेल्या मेघांमुळेच त्या आदल्या रात्री लडाखात हानले येथे आकाश तांबडे झाले होते.

ता. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांवर शुभ्र तेज चमकलेले पाहिले. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत निरीक्षक लोहचुंबकाची सूची पाहून आकडे हाताने लिहून घेत होते. चुंबकबल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेले त्यांनी नोंदले. मे २०२४ मध्ये साऱ्या पृथ्वीची सरासरी घसरण चारशेच्या आसपास होती. तुलना काटेकोर नव्हे, पण अंदाज यावा. क्ष-किरण हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता, आणि सूची का ढळली हे त्या निरीक्षकांस सांगणारे कोणी नव्हते. तरी त्यांनी आकडे चुकविले नाहीत, म्हणून २००३ साली संशोधकांस त्या वादळाचा हिशेब मांडता आला. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या, तेव्हा त्यांचा उपद्रव टाळण्यासाठी ही चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस नेली; तेथे ते काम अद्याप चालू आहे.