परदेशातून हयातीचा दाखला: माल रवाना झाला, पोच मिळाली का?

आपल्या वसई, नालासोपारा, विरार पट्ट्यात आज असे कितीतरी घर आहे की जेथील थोरला मुलगा दुबई, दोहा, कुवेत किंवा लंडनमध्ये स्थिरावला आहे. वडील नोकरीतून निवृत्त होतात, काही दिवस मोहल्ल्यात काढतात आणि मग मुलगा आई-वडिलांना आपल्याकडे बोलावून घेतो. घर मागे राहते, दुकान भावाच्या हाती राहते. बँकेतील पेन्शन मात्र दरमहा येथेच जमा होत असते. ती जमा होत राहावी यासाठी वर्षातून एकदा एक कागद परदेशातून घरी यावा लागतो. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात.

व्यापारी आणि कारागीर बंधूंना वाटेल की, पेन्शन हा नोकरदारांचा विषय आहे, आपल्या पानावर त्याचे काय काम? काम दोन कारणांनी आहे. पहिले असे की, परदेशातील वडिलांचा किंवा चाचांचा कागद बँकेत नेऊन देणारा माणूस बहुतेक वेळा दुकानदार भाऊ किंवा पुतण्याच असतो. दुसरे असे की, आज स्वतःचे लेथ मशीन चालवणाऱ्या अनेक कारागिरांनी पूर्वी वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत वर्षानुवर्षे नोकरी केलेली आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू असलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत १० वर्षांची पात्र सेवा भरली असेल, तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो. पीएफची रक्कम काढली म्हणजे सारे संपले, असा अनेकांचा समज आहे. तो तपासून घ्यावा. १० वर्षे भरलेल्या माणसाची पेन्शन शिल्लक असू शकते.

एक घडलेली गोष्ट

आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग सरकारी कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि मुलाकडे आखातात गेले. त्यांच्या पेन्शनमधून येथे विधवा बहिणीच्या घराचे भाडे आणि औषधपाणी चालत असे. एका वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी दाखल्यावर सही-शिक्का घेतला, पाकीट टपालात टाकले आणि व्हॉट्सॲपवर धाकट्या भावाला फोटो पाठवला. भाऊ हार्डवेअरचे दुकान चालवतो. त्याने फोटो पाहिला आणि काम झाले असे समजून तो गिऱ्हाइकाकडे वळला.

पाकिटावर नालासोपारा लिहिले होते, पण पूर्व की पश्चिम ते लिहिले नव्हते आणि पिन कोडही चुकला होता. पाकीट फिरत फिरत डिसेंबरच्या मध्यावर आले. ते बँकेत नेले तेव्हा नावाच्या स्पेलिंगचा प्रश्न निघाला. जानेवारी गेला. पेन्शन सुरू झाली फेब्रुवारीत. थकलेली सर्व रक्कम मिळाली, पण मधल्या महिन्यांत बहिणीचे भाडे थकले आणि तिला घरमालकासमोर हात जोडावे लागले.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. चूक एकच झाली. माल रवाना होणे आणि माल पोचणे हे आपण व्यापारात वेगळे धरतो, ते कागदाच्या बाबतीत वेगळे धरले नाही.

आपली पेन्शन कोणती?

सगळ्या पेन्शनांचे नियम एकसारखे नाहीत. प्रथम आपली पेन्शन कोठून येते ते पाहावे.

१. केंद्र सरकार व रेल्वे: दाखला दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात द्यावा लागतो. ज्यांचे वय ८० किंवा अधिक आहे त्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ८० च्या आतील माणसाने ऑक्टोबरच्या तारखेचा दाखला घेऊन ठेवला, तर तो त्या वर्षासाठी चालेल असे समजू नये.

२. महाराष्ट्र शासन: ही पेन्शन कोषागारामार्फत येते. कोषागार बँकेकडे यादी पाठवते आणि नोव्हेंबरमध्ये पेन्शनर त्यावर सही किंवा अंगठा देतो. परदेशातील माणसाला सहीसाठी येता येत नाही, म्हणून त्याला दाखला पाठवावा लागतो. लक्षात ठेवावे की, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जुन्या कागदांवर ठाणे लिहिलेले असेल, तर आपले प्रकरण आज कोणत्या कोषागाराकडे आहे ते बँकेत विचारून घ्यावे आणि मगच पाकिटावर पत्ता लिहावा.

३. कारखान्याची, म्हणजे पीएफ कार्यालयाची पेन्शन: येथे नोव्हेंबरचे बंधन नाही. दाखला ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून १२ महिने चालतो. म्हणून आपली तारीख आपणच वहीत लिहून ठेवावी. सप्टेंबर २०१४ पासून या योजनेत दरमहा किमान १,००० रुपये पेन्शन ठरलेली आहे. रक्कम लहान म्हणून दुर्लक्ष करू नये. ज्याच्या घामाची ती आहे त्याला ती मोठी असते.

परदेशात सही कोणाची घ्यावी?

केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे परदेशात राहणाऱ्या पेन्शनरचा दाखला मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँक अधिकारी किंवा भारताचा राजनैतिक प्रतिनिधी यांपैकी कोणाच्याही सहीने चालतो. असा दाखला अधिकृत प्रतिनिधीने येथे सादर केला की पेन्शनरला स्वतः हजर राहावे लागत नाही. इतर पेन्शनांसाठीही वकिलातीची सही सर्वांत निर्धोक, कारण तिच्याबद्दल येथे सहसा शंका निघत नाही.

आखातात अबूधाबी, रियाध, कुवेत, दोहा, मस्कत आणि मनामा येथे भारतीय दूतावास आहेत. दुबई आणि जेद्दा येथे वाणिज्य दूतावास आहेत. लंडनमध्ये उच्चायुक्तालय आहे. कोठे थेट जाता येते, कोठे आधी वेळ घ्यावी लागते, कोठे बाहेरच्या केंद्रामार्फत काम होते. म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी. सुट्टीचे दिवसही देशागणिक निराळे आहेत. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी असते, तर कुवेत आणि सौदी अरेबियात ती शुक्रवार-शनिवारी असते. इकडे आपल्याकडे दिवाळीच्या आसपास बँका बंद असतात. हे सर्व जमेस धरून दिवस मोजावेत.

सही घेण्यास जाताना पासपोर्ट, पेन्शन पेमेंट ऑर्डरची नक्कल, बँक पासबुकाचे पहिले पान आणि आधार कार्ड सोबत न्यावे. सही वकिलातीतील अधिकाऱ्यासमोरच करावी. घरून सही करून नेलेला कागद परत येण्याचा संभव असतो. दाखल्यावर अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, शिक्का आणि तारीख आहे ना, हे तेथेच पाहून घ्यावे.

नावाचा घोळ

हा प्रश्न आपल्या लोकांना फार नडतो. शेख हे एकच आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. मोहम्मदचे तेच. कोणाच्या सेवापुस्तकात नुसते नाव आणि वडिलांचे नाव आहे, पासपोर्टवर आडनाव आले आहे. कोकणी घराण्यांत गावावरून पडलेले आडनाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते. येथे समोर ओळखीचा माणूस बसला असेल तर काम निघते. परदेशातून आलेला कागद मात्र स्वतः बोलू शकत नाही.

म्हणून दाखल्यावर पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये जसे नाव आहे तसेच, अक्षर न बदलता लिहावे. पासपोर्टवर निराळे असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र परदेशी जाण्यापूर्वीच येथे करून बँकेत द्यावे. हे काम मुंबई विमानतळावर निघण्याच्या आदल्या आठवड्यात सुचत नाही. तिकीट काढण्याआधी करावे.

पाकीट कसे पाठवावे?

मूळ कागद हवा. फोटो किंवा झेरॉक्स माहितीसाठी ठीक, पण कागदाने दाखला द्यायचा असेल तर बँकेला शाईची सही लागते.

पाठवण्यापूर्वी दाखल्याच्या दोन नकला काढाव्यात. एक स्वतःजवळ ठेवावी, दुसरी घरी फोटो काढून पाठवावी. पाकीट साध्या टपालाने पाठवू नये. ज्याचा माग काढता येतो अशा नोंदणीकृत टपालाने किंवा कुरियरने पाठवावे आणि त्याचा क्रमांक त्याच दिवशी घरी कळवावा.

पत्ता इंग्रजीत, ठळक अक्षरांत लिहावा. आपल्याकडे पूर्व आणि पश्चिम यांत मोठा फरक पडतो. नालासोपारा पश्चिमेचा पिन ४०१२०३ आहे, पूर्वेचा ४०१२०९. एक आकडा चुकला की पाकीट रुळाच्या दुसऱ्या बाजूला जाते. इमारतीचे नाव, विंग, जवळची खूण, जिल्हा पालघर आणि घेणाऱ्याचा मोबाइल क्रमांक लिहावा. दुकान रोज उघडे असते आणि घर दुपारी बंद असते, म्हणून दुकानाचा पत्ता दिलेला बरा.

घरच्या माणसाचे काम

पाकीट आले की त्याच दिवशी उघडून नाव, खाते क्रमांक, सही, शिक्का आणि तारीख तपासावी. मग बँकेत द्यावे. कागद खिडकीवर ठेवून घरी येऊ नये. हयातीचा दाखला घेतल्याची सही केलेली पोच देणे बँकेने आवश्यक आहे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ती पोच नम्रपणे, पण न विसरता मागावी. पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कोणत्याही शाखेत दाखला देता येतो, अशीही सोय आहे. मूळ शाखा दूर असेल तर तिचा उपयोग करावा.

पोच मिळाली की तिचा फोटो परदेशी पाठवावा. नंतर महिनाअखेरीस पासबुक भरून पेन्शन जमा झाली का ते पाहावे. जमा झाल्याची नोंद दिसेपर्यंत हा व्यवहार पुरा झाला असे समजू नये.

समजा दाखला चुकलाच आणि पेन्शन थांबली, तर घाबरू नये. दाखला पोचल्यावर पेन्शन पुन्हा सुरू होते आणि थकबाकी मिळते. मात्र वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, तर प्रकरण वरच्या कार्यालयाच्या मंजुरीला जाते आणि खेटे वाढतात.

मोबाइलवरचा दाखला

१० नोव्हेंबर २०१४ पासून जीवन प्रमाण ही सोय सुरू झाली. त्यात आधारच्या साहाय्याने दाखला थेट पेन्शन कार्यालयाकडे जातो. पूर्वी बोटाचा ठसा लागे. नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही हे काम होते. हाताचे काम केलेल्या कारागिरांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यांना ही सोय विशेष उपयोगी आहे. ज्यांना हे जमते त्यांनी अवश्य करावे. नंतर दाखला मंजूर झाला की नाकारला गेला तेही पाहावे, कारण नुसता क्रमांक मिळणे म्हणजे मंजुरी नव्हे. निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी धरलेल्यांना किंवा पुनर्विवाह केलेल्यांना ही सोय लागू नाही. त्यांनी कागदानेच दाखला द्यावा.

पेन्शनरच्या मृत्यूनंतर

अप्रिय असले तरी हे लिहिणे भाग आहे. परदेशात पेन्शनरचे निधन झाले, तर बँकेला ताबडतोब कळवावे. मृत्यूनंतर खात्यात जमा झालेली पेन्शन वारसाची नसते. ती परत करावी लागते. आधी सही करून ठेवलेला कागद नंतर वापरणे हा तर गुन्हाच आहे. आपण दुसऱ्याची अमानत एक दिवस जास्त ठेवत नाही, तोच नियम येथे.

मात्र विधवेचा हक्कही बुडू देऊ नये. परदेशातील मृत्यूची नोंद तेथील भारतीय वकिलातीत करून दाखला घ्यावा आणि कुटुंब पेन्शनचा अर्ज करावा. अनेक माता-भगिनींना आपल्या नावे पेन्शन निघू शकते हेच ठाऊक नसते. म्हणून पेन्शन पेमेंट ऑर्डर कोठे ठेवली आहे आणि तिच्यात पत्नीचे नाव बरोबर लिहिले आहे का, हे घरातील पुरुषाने जिवंतपणीच पत्नीला दाखवून ठेवावे.

दुकानाच्या खतावणीत एक पान काढावे. वर पेन्शनरचे नाव, पेन्शन पेमेंट ऑर्डरचा क्रमांक आणि बँकेची शाखा लिहावी. खाली चार रकाने करावेत: सही झाली, पाकीट निघाले, बँकेची पोच मिळाली, पेन्शन जमा झाली. चारही रकान्यांत तारीख पडली की त्या वर्षाचे पान बंद करावे. हिशेबाची ही सवय आपल्या अंगात आहेच. ती घरातील बुजुर्गांच्या कागदालाही लावावी, म्हणजे कोणा बहिणीला भाड्यासाठी घरमालकापुढे हात जोडावे लागणार नाहीत.