लहान शहरातील नगरसेवक

राज्यकारभाराच्या सर्व पायऱ्यांमध्ये नगरपालिका ही शहरवासीयाला सर्वांत जवळची पायरी होय. संसद सदस्याची गाठ पाच वर्षांत एकदोनदाच पडते. परंतु लहान शहराचा नगरसेवक दूध आणावयास निघाला तरी तुंबलेल्या गटाराची तक्रार वाटेतच त्याच्या कानी येते. या जवळिकीत त्याच्या पदाचे बळ आहे आणि त्याची अडचणही आहे.

हे पद अलीकडचे नाही. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव केला. स्थानिक मंडळांत बिनसरकारी सदस्यांचे बहुमत असावे आणि सरकारी सदस्यांची संख्या एकतृतीयांशाहून अधिक नसावी, असे त्यात म्हटले होते. कारभारात तात्काळ सुधारणा व्हावी यापेक्षा लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा त्या ठरावाचा प्रमुख हेतू होता. हे शिक्षण पुढे फळास आले. वल्लभभाई पटेल १९२४ ते १९२८ या काळात अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. जवाहरलाल नेहरू यांनी अलाहाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपद १९२३ मध्ये स्वीकारले. देशाचा कारभार हाती येण्यापूर्वी या नेत्यांनी पाणी, रस्ते व सफाई यांचे प्रश्न हाताळले होते.

स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळपर्यंत नगरपालिकांचे अस्तित्व राज्य सरकारांच्या मर्जीवर अवलंबून राहिले. ही स्थिती बदलण्यासाठी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती करण्यात आली. ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने पाच वर्षांची मुदत निश्चित केली, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले आणि किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोगे १८ विषय नमूद झाले. मात्र ते सोपवावयाचे की नाहीत, हा निर्णय राज्यांच्या विधिमंडळांकडेच राहिला. निवडणुकीचे बंधनही सर्वत्र पाळले गेले असे नाही. तमिळनाडूमध्ये २०१६ साली मुदत संपलेल्या नागरी संस्थांच्या निवडणुका फेब्रुवारी २०२२ मध्ये झाल्या. मधल्या काळात कारभार अधिकाऱ्यांनी पाहिला. दिवाबत्ती चालू राहिली, पण नागरिकाने ज्याला जाब विचारावा असा निवडून दिलेला माणूस उरला नाही.

नगरसेवकाच्या अधिकाराविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. मतदाराला वाटते की, त्याने सांगितले की काम झाले. वस्तुतः एकट्या नगरसेवकाला कोणताही आदेश देता येत नाही. अधिकार सभेचा असतो. अंमलबजावणी मुख्याधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी करतो. एखादे गटार बांधावयाचे तर सामान्यतः आधी सभेचा ठराव, मग खर्चाचे अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक व प्रशासकीय मंजुरी, नंतर निविदा आणि अखेरीस कार्यादेश, असा क्रम असतो. काम पूर्ण झाल्यावर मोजमाप होऊनच देयक द्यावयाचे असते. यांतील कोणत्या पायरीवर काम अडले आहे हे जो नगरसेवक विचारू शकतो, त्यालाच उत्तर मिळते. जो केवळ रागावतो, त्याला आश्वासन मिळते.

खरी कसोटी मात्र प्रभाग आणि शहर यांच्यातील निवडीची असते. मुख्य जलवाहिनीतून दर सेकंदास केवळ एक लिटर पाणी गळत आहे असे समजू. एका दिवसात ८६,४०० लिटर पाणी वाया जाईल. केंद्राच्या १९९९ सालच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेने भुयारी गटारे नसलेल्या शहरांसाठी माणशी दररोज ७० लिटर हे प्रमाण सुचविले होते. त्या हिशेबाने ही एक गळती सुमारे १,२०० माणसांचे पाणी नाहीसे करते. तिची दुरुस्ती केल्यास सर्व शहराचा लाभ होतो, पण कोणत्याही एका नगरसेवकाला ती आपली म्हणून दाखविता येत नाही. याउलट प्रभागात एक कूपनलिका खोदली की ती सर्वांना दिसते. प्रत्येकाने कूपनलिकाच मागितली तर सभेत भांडण होणार नाही, परंतु नळाला पाणीही येणार नाही. राखीव प्रभागांची पाळी फिरती असल्याने पुढच्या वेळी तोच प्रभाग मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे दूरच्या लाभाकडे पाहण्याची प्रेरणा आणखी क्षीण होते.

पैशाचा प्रश्नही असाच आहे. जकात हा एके काळी अनेक राज्यांत नगरपालिकांचा मोठा आधार होता. काही राज्यांनी ती आधीच बंद केली होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर ती सर्वत्र संपुष्टात आली. घरपट्टी व पाणीपट्टी हीच आता हातातील मुख्य साधने होत. त्यांचे दर वाढविण्याच्या ठरावास हात वर करणे कोणत्याही नगरसेवकाला नको असते, कारण ज्यांच्यावर कर बसावयाचा ते त्याचे शेजारी असतात. परंतु कर टाळणारी नगरपालिका अनुदानावर जगू लागते आणि अनुदानाबरोबर येणाऱ्या अटीही तिला स्वीकाराव्या लागतात. शेजाऱ्याची नाराजी टाळण्यासाठी अशा रीतीने स्वराज्याचा एक भाग गहाण पडतो.

म्हणून नवीन सदस्याने पहिल्या वर्षी तीन गोष्टी कराव्यात: आपल्या राज्याचा नगरपालिका कायदा वाचावा, मागील तीन वर्षांची अंदाजपत्रके व लेखापरीक्षण अहवाल एकमेकांशी ताडून पाहावेत, आणि सभेच्या विषयपत्रिकेवरील प्रत्येक विषयाची जागा स्वतः जाऊन पाहावी. नगरपालिकेच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध असल्यास बहुतेक राज्यांच्या कायद्यांनुसार सदस्यत्व जाऊ शकते, हेही त्याने ध्यानात ठेवावे. आपल्या अधिकाराची मर्यादा नागरिकांपासून लपवून न ठेवता ती त्यांना समजावून सांगणे, हेही त्याचे कामच आहे. ‘हे माझ्या हाती नाही’ एवढे सांगून थांबणारा नगरसेवक निरुपयोगी ठरतो. ते कोणाच्या हाती आहे आणि तेथे कोणत्या मार्गाने जावयाचे हे सांगून बरोबर चालणारा नगरसेवक आपल्या शहराला स्वराज्याचा धडा देत असतो.