घरातील बंदूक आणि तिची तिजोरी

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात बंदूक हे केवळ शस्त्र नाही, ते घराण्याचे चिन्ह आहे. कोडवा कुटुंबात मुलगा जन्मला की बंदुकीचा एक बार काढण्याची आणि मृत्यूची वार्ता दोन बारांनी कळविण्याची प्रथा आहे. सप्टेंबरच्या आरंभी येणाऱ्या कैलपोळ्द या सणाला शस्त्रांची पूजा होते. ब्रिटिश अमदानीत कोडवांना मिळालेली परवान्याची सूट स्वतंत्र भारतातही चालू राहिली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोडवा समाज व जम्मा जमीनधारक यांच्यासाठी ती २०२९ पर्यंत वाढविली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

कोडगूतील वडिलोपार्जित घरात, म्हणजे ऐनमनेत, वडीलधारी माणसे सदैव वावरत असत. त्याच घराण्यातील एखादे कुटुंब नोकरीनिमित्त बंगळूरला येते तेव्हा परिस्थिती पालटते. आईवडील दोघेही दिवसभर बाहेर असतात, मुले दुपारी एकटी घरी येतात, कामाला येणारी माणसे बदलत राहतात. परवाना घेऊन बंदूक बाळगणाऱ्या इतर नागरिकांचीही स्थिती याहून वेगळी नाही. अशा घरात बंदूक कोठे ठेवावी, हा प्रश्न शोभेचा नसून जिवाचा असतो.

सर्वसाधारण नागरिकाला १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सामान्यतः दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित वापराची व साठवणुकीची हमी अर्जदारावर टाकली आहे. या साऱ्यामागील तत्त्व एकच आहे: परवाना व्यक्तीच्या नावे असतो, घराच्या नावे नसतो. म्हणून तिजोरीचे काम केवळ चोराला अडविणे एवढेच नाही. घरातील इतरांचा हात शस्त्रापर्यंत पोहोचू न देणे, हे तिचे पहिले काम होय.

निवड

आपल्याकडे लोखंडी कपाटालाच तिजोरी मानण्याची सवय आहे. वस्तुतः कपाटाचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याचे दार पहारेने उचकटता येते. तिजोरी घेताना पत्र्याची जाडी, दाराच्या एकाहून अधिक बाजूंनी चौकटीत शिरणारे पोलादी गज आणि तळाशी व पाठीमागे बोल्टसाठी ठेवलेली छिद्रे पाहावीत.

मापाचा विचार त्यानंतर करावा. बारा बोरची दुनळी बंदूक सुमारे सव्वाशे सेंटिमीटरपर्यंत लांब भरते; परंतु तिची नळी आणि दस्ता वेगळे करता येतात. सुटी केलेली बंदूक ऐंशी ते नव्वद सेंटिमीटरच्या तिजोरीतही मावते. शिवाय ती सुटी ठेवल्याने सुरक्षितता वाढते. काडतुसांसाठी वेगळ्या किल्लीचा स्वतंत्र कप्पा किंवा पेटी असावी. बंदूक आत ठेवण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री दर वेळी डोळ्यांनी आणि बोटाने करून घ्यावी.

जागा

दिवाणखाना, मुलांची खोली आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडेल अशी जागा टाळावी. शयनगृहातील कोपरा सोयीचा असतो, कारण दोन्ही बाजूंना भिंत असल्याने पहार घालण्यास वाव राहत नाही. रिकामी तिजोरी जड वाटली तरी दोन माणसे ती उचलून नेऊ शकतात; म्हणून ती काँक्रीटमध्ये रुतणाऱ्या बोल्टांनी जखडावी. नुसत्या फरशीत बसविलेला बोल्ट फरशीसह उखडतो.

भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोग्रॅम भार धरून आखलेली असते. अडीचशे किलोची तिजोरी मात्र आपला सारा भार जेमतेम पाव चौरस मीटरवर टाकते. वरच्या मजल्यावर ती तुळईजवळ किंवा भार पेलणाऱ्या भिंतीलगत ठेवावी व त्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

बंगळूरची हवा आल्हाददायक असली तरी जून ते ऑक्टोबर या काळात ती दमट असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलादाला गंज वेगाने चढतो. त्यामुळे न्हाणीघराची किंवा पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत वर्ज्य समजावी. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचा रंग बदलला की ती वाळवून घ्यावी. चामड्याच्या म्यानात ओल धरून राहते. त्यात बंदूक दीर्घकाळ ठेवू नये.

किल्ली

एवढे करूनही किल्ली देव्हाऱ्यामागे किंवा गादीखाली ठेवली, तर सारा खर्च व्यर्थ जातो. मुलांना अशा जागा बहुधा ठाऊक असतात. किल्ली परवानाधारकाच्या अंगावरच असावी. आकडी कुलूप असेल तर जन्मतारीख किंवा वाहनाचा क्रमांक वापरू नये. रागाच्या अथवा नैराश्याच्या क्षणी माणसाचा जीव पुष्कळदा काही मिनिटांच्या विलंबाने वाचतो. कुलूप तो विलंब घडवून आणते. मात्र घरातील कोणी, अगर स्वतः परवानाधारक, मनाने खचलेला असेल, तर तेवढ्यावर विसंबू नये. अशा वेळी बंदूक घरातून हलवून पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे हाच उचित मार्ग होय. कुटुंब दीर्घ प्रवासाला निघाले, किंवा परवानाधारकाचे निधन झाले, तरीही हेच करावे. वारसाने आपल्या नावे परवाना मिळेपर्यंत ती तिजोरी उघडून बंदूक वापरू नये, हे घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवणे इष्ट ठरते.